आठ वाजताचा बर्फ

२८ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून काय झालं ते क्रमवार लिहिते.

१. एक सप्टेंबरपासून आजपर्यंत आपल्या खोऱ्यातल्या केंद्राकडून बर्फाच्या अठ्ठावीस नोंदी आल्या. रोजची एक, सकाळी आठची.

२. त्यांतल्या अकरा दिवशी ‘जमीन निम्म्याहून जास्त झाकलेली’ असं लिहिलेलं आहे.

३. मागच्या वीस वर्षांत, म्हणजे तुमच्या काळात, सप्टेंबरमध्ये असे दिवस सरासरी सात.

४. त्या अकराही सकाळी उपग्रहाच्या चित्रात खोऱ्यावर ढग आहेत. ढगही पांढरा, बर्फही पांढरा. खाली काय आहे ते दिसत नाही.

५. संगणकानं अकराही नोंदी पडताळणीसाठी माझ्याकडे पाठवल्या, कारण त्या सरासरीत बसत नव्हत्या.

६. मी त्यांतल्या सात ‘संशयास्पद’ ठरवल्या. अशी नोंद नकाशात धरली जात नाही. तिच्या जागी वीस वर्षांची सरासरी भरली जाते.

७. एका हंगामात दहा नोंदी संशयास्पद ठरल्या की केंद्राची चौकशी होते. चौकशीत निरीक्षक दोषी ठरला तर तिथं माणूस न ठेवता यंत्र बसवतात.

८. हे सगळं मी नियमात राहून केलं आहे.

आठवा मुद्दा तुमच्यासाठी लिहिला. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच की तुमच्याच मुलीनं तुमच्याच केंद्रावर शिक्का मारला. तुमचं केंद्र आता तुमचं नाही. मार्चमध्ये तुम्ही निवृत्त झालात. नोंदी तुमच्या जागी आलेल्या त्या मुलीच्या आहेत. दोनशे बारा केंद्रांच्या नोंदी माझ्यासमोर येतात, त्यांतली प्रत्येक मी एकाच मापानं तपासते. उत्तरेचा रोजचा बर्फाचा नकाशा साडेनऊला बाहेर जातो. त्यावर रस्तेवाले ठरवतात मीठ कुठं टाकायचं, शाळा ठरवतात बस कुठं पाठवायची. तिथं कुणाच्या ओळखीनं काही होत नाही.

ऑगस्टमध्ये मी आले होते त्याबद्दलही लिहायला हवं. मी दोन रिकाम्या बॅगा घेऊन आले होते. तुमच्यासाठी इथं खोली बघितली होती, पूर्वेच्या खिडकीची, दवाखाना चार मिनिटांवर. तुम्ही म्हणालात, “मी इथं बरा आहे. ही आहे ना.” मी विचारलं, “ही कोण?” तुम्ही म्हणालात, “अगं, ही.” जणू मीच आंधळी. ती तेव्हा माझ्या टेबलाशी बसून तुमच्या जुन्या वह्यांना पुठ्ठे घालत होती. माझ्या खोलीत ती भाड्यानं राहते हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

त्याच्या आधी, जुलैत, तुम्ही एकदा फोन घेतला होता. बोलता बोलता तुम्ही मागं वळून हाक मारलीत, “फुटपट्टी, चहा झाला का गं?” मी म्हणाले, “झाला.” मग माझ्या लक्षात आलं की हाक मला नव्हती.

दरवर्षी पहिल्या बर्फाला तुम्ही मला मापाच्या काठीशेजारी उभं करायचात आणि काठीपेक्षा मी किती वाढले ते बघायचात. त्यावरून ते नाव पडलं. तिला कशावरून पडलं? ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिची उंची काही वाढणार नाही.

एक परकी मुलगी सहा महिन्यांत घरात इतकी रुळते, तेव्हा तिला काय हवं आहे हे विचारणं गैर नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते याला. तुम्ही स्वतः विचार करा.

फोन घेतलात तर बरं होईल.

फुट— (लिहिणार होते, पण ते नाव सध्या रिकामं नाही.)

तुमची मुलगी


६ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. लिफाफ्यावरचं अक्षर बघूनच मी ते उघडायला घरी येईपर्यंत थांबले. अक्षर तिचं होतं. वाक्यं तुमची होती. “तिचं चुकत नाही. यापुढं मला विचारू नकोस.” एवढं तुटक तुम्हीच बोलता.

शेवटी तिनं स्वतःहून चार ओळी जोडल्या आहेत. तुम्हाला त्या माहीत नसतील, म्हणून सांगते. तिनं लिहिलंय: “ताई, ते रागावून फोन टाळत नाहीत. त्यांना फोनवरची बटणं दिसत नाहीत. हाताला लागेल ते दाबतात नि तो बंद होतो. तुम्हाला सांगू नको अशी शपथ घातली होती, ती मी आज मोडली.”

म्हणजे माझं आधीचं पत्र तुम्ही वाचलेलं नाही. तिनं तुम्हाला वाचून दाखवलं. ‘परकी’ हा शब्द तिनं मोठ्यानं वाचला. नागोबासुद्धा.

यावर लिहायला मी दोनदा सुरुवात केली.

तेव्हा फक्त कामाचं लिहिते. डोळे कधीपासून? एक की दोन्ही? मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, दुसरं काही असेल तर थांबून चालत नाही. मार्चमध्ये मला कळायला हवं होतं. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मानपत्र उलटं धरलं होतंत. त्या फोटोवर मी हसले होते. अठ्ठावीस वर्षं एकही दिवस न चुकवता नोंद, असं त्यावर लिहिलेलं आहे, आणि ते उलटं धरून तुम्ही गंभीर चेहऱ्यानं वाचत होतात. मला वाटलं मुद्दाम करताय.

आणखी एक. तिच्या ओळींत एका ठिकाणी खाडाखोड आहे. मी कागद दिव्यापुढं धरून पाहिला. आधी ‘बाबांना’ लिहिलं होतं. ते खोडून ‘त्यांना’ केलंय. खोडल्याबद्दल तिचे आभार मानावेत की लिहिल्याबद्दल रागवावं हे मी ठरवू शकले नाही. हे तिनं तुम्हाला वाचून दाखवलंच तर दाखवू दे. मी आता पत्रं दोघांना धरूनच लिहिते.

ढगवाल्याला मी हे सांगितलं नाही. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, चित्रातले ढग ओळखून वेगळे काढतो, त्यामुळं ऑफिसात सगळे त्याला ढगवालाच म्हणतात. पण त्याला वास येतो. आज चहाच्या वेळी म्हणाला, “काय हो, त्या एका खोऱ्याची नोंद आली की तुमचा कपाळाचा भाग ढगाळ होतो. ढग झाकायचा मास्क लावू का?”

मी म्हटलं, “तुम्ही तुमचे ढग सांभाळा.”

“सांभाळतोच आहे. म्हणून तर विचारतोय. उरलेल्या दोनशे अकरा केंद्रांत तुम्ही सगळ्यांच्या मिळून चार नोंदी संशयास्पद केल्यात. या एकट्याच्या सात. ती बाई इतकी बिनडोक आहे का?”

मी म्हटलं, “बाई नाही. मुलगी आहे.”

“अच्छा,” तो म्हणाला, आणि त्याच्या पडद्याकडे वळला. त्याचं ‘अच्छा’ मला आवडलं नाही.

डोळ्यांचं कळवा.


१६ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र टपालगाडीनं येणार नाही, किंवा दुसऱ्या गाडीनं येईल. कारण तुम्हाला माहीत आहे.

मी परवाचा दिवस माझ्या बाजूनं सांगते.

मागच्या पत्रानंतर आठ दिवसांत मी तुमच्या केंद्राच्या आणखी दोन नोंदी संशयास्पद केल्या. एकूण नऊ झाल्या. चौदा तारखेला, बुधवारी, आठ वाजून सहा मिनिटांनी तिची नोंद आली: पाचही काठ्यांशी बर्फ, जाडी पाच सेंटिमीटर, जमीन पूर्ण झाकलेली. संगणकानं ती मला दाखवली. मी ती उघडली नाही. नुसतं केंद्राचं नाव बघितलं आणि शिक्का मारला. दहावी.

तिच्यात शेवटी एक वाक्य होतं, ते मी दुपारी वाचलं. “वळणावर बर्फाखाली रस्त्याची काच झाली आहे, मीठ लवकर पाठवावं.”

साडेनऊला नकाशा गेला. खोऱ्यावर ढग होते, एकुलती एक नोंद मी काढून टाकलेली होती, म्हणून तिथं सरासरी भरली गेली. चौदा ऑक्टोबरची सरासरी: उघडी जमीन. नकाशात खोरं तपकिरी दिसत होतं. रस्तेवाल्यांनी मिठाची गाडी पलीकडच्या घाटात पाठवली. अकराच्या सुमारास टपालगाडी वळणावर घसरली आणि खड्ड्यात गेली. टपालवाल्या काकांचं मनगट मोडलं. पत्रं सगळी वाचली म्हणे. काका हात गळ्यात बांधून सांगत होते, “माझं काही नाही हो, टपाल कोरडं राहिलं.” हे मला रस्ते खात्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं. त्यांना ते मजेशीर वाटलं. मला नाही.

मग त्यांनी एक फोटो पाठवला. गाडीचं नाक खाली, मागची चाकं वर, आणि दोन्ही बाजूंनी जिथवर दिसतं तिथवर पांढरं. माझा नकाशा आणि तो फोटो विभागप्रमुख मॅडमनी एकाच पडद्यावर शेजारीशेजारी लावले आणि सगळ्यांना बोलावलं. त्या ओरडत नाहीत. त्यांनी विचारलं, “हे तपकिरी कुणी केलं?”

मी म्हटलं, “मी. नोंद सरासरीत बसत नव्हती.”

“सरासरीत बसायला ती सरासरीची नातेवाईक आहे का?”

कुणी हसलं नाही. ढगवालासुद्धा.

पण गंमत बघा. त्यांनी मला दोष दिला नाही. नियमाप्रमाणं दहा झाल्या, म्हणून चौकशी लागली, ती केंद्राची. समितीसमोर प्रश्न असा मांडला गेलाय: एक दिवस तिची नोंद बरोबर निघाली, पण आधीच्या नवांचं काय? वीस वर्षांच्या नोंदी एक सांगतात, ही सात महिन्यांपूर्वी आलेली मुलगी दुसरं सांगते. त्या दिवसाचा फोटो आहे, आधीचे नाहीत. नऊ नोव्हेंबरला समिती बसेल. निकाल काय लागेल हे उघड आहे. यंत्राची किंमतही कुणीतरी मागवून ठेवली आहे.

आता मी एक गोष्ट लिहिणार आहे, ती तिनं गाळू नये. तू वाचते आहेस ना? गाळू नकोस.

चौकशी लागल्याचं ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. यंत्र आलं की ती जाणार. ती गेली की तुम्ही एकटे. एकट्यानं, डोळ्यांशिवाय, तुम्ही तिथं राहू शकणार नाही. मग तुम्ही माझ्याकडे याल. हा हिशेब मी परवा केला नाही. तो सप्टेंबरपासून माझ्या डोक्यात होता, पहिल्या शिक्क्यापासून. परवा फक्त बेरीज पूर्ण झाली. खोलीचं मी अजून सोडलेलं नाही, दर महिन्याला घरमालकिणीला ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणून सांगते.

नियमात राहून केलं असं मी लिहिलं होतं. नियमात राहूनच केलं. त्याच्याआड मला कुणी बघणार नाही हे मला ठाऊक होतं.

काकांना भेटायला जाल तेव्हा माझं नाव सांगू नका. किंवा सांगा.


२८ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र लांब आहे. एका बैठकीत वाचायला सांगा, मध्ये उठू नका.

तिचं पत्र आलं. सोळाच्या पत्राला उत्तर म्हणून तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिनं दिल्या नाहीत. लिहिलंय: “तुम्ही तपासा, ताई. माझ्या वेळेत एक मिनिटाची चूक निघाली तर मी स्वतः सामान बांधते. मी आठला काठीपाशी असते.” शेवटी: “ते तुमचं पत्र ऐकून त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.”

मला ‘आठला’ हा शब्द बोचला. सगळेच आठला असतात. तो नियमच आहे. तो तिनं अधोरेखित का केला?

म्हणून मी तपासायला बसले. खरं सांगते, तिची चूक सापडावी म्हणूनच बसले.

हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ कसा असतो हे मला तुम्हीच शिकवलंत. जमीन अजून उबदार असते. पहाटे पडलेला दोन बोटांचा थर खालून वितळत जातो. आठला निम्म्याहून जास्त जमीन पांढरी असते, नऊला ठिगळं उरतात. नोव्हेंबरात एका तासानं काही बिघडत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरात बिघडतं. म्हणजे तिच्या आणि तुमच्या नोंदींत फरक पडायला एका तासाची चूक पुरते. मला वाटलं, ती सातलाच जाऊन येत असणार. पण तिच्या नोंदीचा संदेश रोज आठ ते आठ-दहाच्या मध्ये निघतो, आणि पाचही काठ्यांचे आकडे एकदम न पाठवता ती प्रत्येक काठीपाशी उभी राहून तिथला आकडा पाठवते, त्यामुळं प्रत्येक काठीची वेळ वेगळी पडते. तिची चूक सापडेना.

मग मी उलट बाजूनं पाहिलं. तुमच्या वह्या दफ्तरातून मागवल्या. अठ्ठावीस वर्षं, सगळ्या. दफ्तरवाले म्हणाले, “एवढ्या जुन्या कशाला? सगळं संगणकात आहे की.” पहिली सात वर्षं संगणकात नाहीत. तुमच्या अक्षरातच आहेत. मी रोजचा एक एक दिवस उतरवून घेतला, चार दिवस लागले. ढगवाला रोज संध्याकाळी टेबलापाशी येऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी काही न विचारता खुर्ची ओढून बसला आणि आकडे वाचून दाखवू लागला. चांगलं वाचतो.

मी पहिल्यांदा वर्षांप्रमाणं पाहिलं. मग महिन्यांप्रमाणं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, वारांप्रमाणं.

ढगवाला म्हणाला, “वारांप्रमाणं? बर्फ काय सुट्टी बघून पडतो?”

मी म्हटलं, “बघू तर.”

आकडे असे निघाले. तुमच्या नोकरीची पहिली सात वर्षं: हंगामाच्या सुरुवातीच्या शंभर दिवसांत बेचाळीस पांढरे. सातही वार सारखे. पुढची अकरा वर्षं: रविवारी शंभरात बेचाळीस, बाकीच्या सहा वारी शंभरात एकोणतीस. शेवटची दहा वर्षं: सातही वारी एकोणतीस, रविवारसुद्धा.

ढगवाला म्हणाला, “अकरा वर्षं तुमच्या खोऱ्यात रविवारी जास्त बर्फ पडत होता. हे एकतर विज्ञान आहे किंवा लबाडी.”

मी म्हटलं, “दोन्ही नाही. रविवारी शाळा नसते.”

बाबा, आपल्या खोऱ्यातला बर्फ एकवीस वर्षांपूर्वी अचानक घटला यावर आमच्या ऑफिसनं एक अहवाल छापलेला आहे. चाळीस पानी. त्यात तीन संभाव्य कारणं दिली आहेत. त्या वर्षी हवामान बदललं नव्हतं. त्या वर्षी मी पहिलीत गेले होते.

त्या वर्षापासून रविवार सोडून आईची दवाखान्यातली पहिली पाळी असायची, ती उजाडायच्या आत निघायची. सकाळी घरात आपण दोघंच. स्टोव्ह पेटलेला, मी सहा वर्षांची, आणि काठ्यांची फेरी जाऊन येऊन चाळीस मिनिटांची. तुम्ही मला एकटीला सोडून जात नव्हतात. तुम्ही माझ्या वेण्या घालायचात. तुम्हाला ते कधीच नीट जमलं नाही. डावी नेहमी सैल, आणि ‘हलू नकोस, मोजमाप चुकतंय’ असं म्हणत पुन्हा सोडून पुन्हा घालायचात. पावणेनऊला बस. बस वळणावर जाईपर्यंत तुम्ही दारात उभे. बसच्या मागच्या काचेतून मला रोज दिसायचं, तुम्ही वळून काठ्यांकडे चालू लागायचात. रोज. अकरा वर्षं. म्हणजे तुम्ही नऊला नोंद घेत होतात हे मी रोज डोळ्यांनी बघत होते, आणि आज मला ते शिकायला आकडे मांडावे लागले.

वहीत वेळेच्या रकान्यात तुम्ही रोज ‘आठ’ लिहिलं आहे.

मी सगळ्या पानांवर तो आठ बघितला. रविवारचा आठ आणि सोमवारचा आठ यांत फरक नाही. मी मुद्दाम भिंग लावून पाहिलं. खोटं लिहिताना तुमचा हात जराही हलला नाही, याचं मला काय वाटलं ते मी सांगणार नाही.

मी कॉलेजला निघून आले, त्यानंतर तुम्हाला पुन्हा आठला जाता आलं असतं. तुम्ही गेला नाहीत. रविवारीसुद्धा नाही. बसची वेळ टळल्याशिवाय तुमचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नव्हतं असं दिसतं. हे मी अंदाजानं लिहिते आहे, आकड्यांवरून एवढंच दिसतं.

तेव्हा तिचं चुकत नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. का चुकत नाही हेही माहीत होतं. ‘यापुढं मला विचारू नकोस’ याचा अर्थ मला आत्ता लागला. तिला वाचवायचं तर तुम्हाला स्वतःचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तुमच्याकडं हात एकच होता, तिचा. जिच्यापुढं आदर्श म्हणून उभे राहिलात, तिलाच ‘मी एकवीस वर्षं खोटी वेळ लिहिली’ हे लिहायला कसं सांगणार? मी तुम्हाला दोष देत नाही. मी तरी सप्टेंबरपासून काय करत होते.

आता तिला ते कळलंच. हे तीच वाचते आहे. मी दुसरा उपाय शोधला. इथून कुणाला पाठवून तुम्हाला वाचून दाखवायला लावावं असंही मनात आलं होतं. पण मग तिच्या पाठीमागं तिचाच निकाल लागला असता, आणि पाठीमागचं मी पुरेसं केलं आहे.

तुला एक सांगते, वाचणारी. मी तुला पाण्यात पाहत होते आणि अजूनही पाहते. तू त्यांना ‘बाबा’ लिहिलंस ते मी विसरलेले नाही. तू त्यांच्या वह्यांना पुठ्ठे घातलेस हे चांगलं केलंस, आणि ते मी घालायला हवे होते म्हणून मला राग आला. हे सगळं लिहून मला हलकं वगैरे वाटलं नाही. पण तुझ्या एकाही नोंदीत चूक नाही, आणि हे मी समितीसमोर माझ्या सहीनं सांगणार आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता काम.

माझ्या दहा शिक्क्यांचं मी लेखी दिलं आहे. कारणासकट. मॅडमनी वाचलं, कागद पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “हे खासगी कारण इतकं स्पष्ट लिहायची गरज होती का?” मी म्हटलं, “नाहीतर ते संशयास्पद ठरलं असतं.” पुढच्या हंगामात नकाशा माझ्याकडे नसेल. मला दफ्तरात टाकतील असं दिसतं. दफ्तरवाल्यांना आनंद झाला आहे, त्यांना वाटतं मला जुन्या वह्यांची आवड आहे.

पण माझ्या कबुलीनं मी चुकीची ठरते, ती बरोबर ठरत नाही. तिच्या नोंदी खऱ्या धरायच्या तर वीस वर्षांची सरासरी खोटी धरावी लागते. रविवारचा तक्ता मी समितीपुढं ठेवला तर ते विचारणार, हा फरक कशानं पडला? उत्तर नसेल तर ते म्हणतील, जुन्या निरीक्षकानं आठवड्यातले सहा दिवस घरी बसून आकडे भरले. तुम्ही एकही दिवस घरी बसला नाहीत, हे मला माहीत आहे. ते मी मुलगी म्हणून सांगितलं तर चालत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. सांगितलंत तर सगळ्या नोंदी वाचतात. आकडे खरे आहेत, फक्त वेळ नऊची आहे, तेवढी दुरुस्ती करता येते. त्या अठ्ठावीस वर्षांतल्या एकवीसांच्या पुढं ‘वेळेत नाही’ असा शेरा पडेल, तो कायम राहील. मानपत्र परत मागत नाहीत, मी विचारून घेतलं.

तुम्ही गप्प राहिलात तर यंत्र येईल, ती जाईल, आणि तुम्ही माझ्या खोलीत याल. मला जे हवं होतं तेच होईल. म्हणून हे पत्र पेटीत टाकण्याआधी मी दोन दिवस ते टेबलावर ठेवलं होतं. तिला तिथं ठेवण्यासाठी तुमची सही मीच मागायची, हे मला आवडलेलं नाही. तरी मागते.

डोळ्यांसाठी मी अठरा नोव्हेंबरची वेळ घेतली आहे. त्याचा या निर्णयाशी संबंध नाही. तपासणी झाली की मी तुम्हाला परत घरी सोडीन.

जबाबात एवढंच हवं: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंद आठऐवजी नऊला घेतली, रविवारी कधी घेतली, आणि का. ‘का’ एका ओळीत चालेल. मजकूर ती लिहू शकते. सही तुमच्या हातची हवी, वाकडी आली तरी चालेल, ओळीबाहेर गेली तरी चालेल.

समिती सोमवारी, नऊ नोव्हेंबरला बसते. कागद मला त्याआधी दाखल करावा लागतो. टपालाला तीन दिवस लागतात. तेव्हा सोमवारी, दोन तारखेला, सकाळच्या टपालात टाका. उत्तर मला गुरुवारी, पाच नोव्हेंबरपर्यंत मिळायला हवं.